नवा पीसी मध्येच मान टाकतो : पार्ट बदलण्याआधी तो कसा बंद पडतो ते बघा

नाशिकच्या एका इंटिरिअर डिझायनरांचा प्रश्न आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी सुटे पार्ट आणून रेंडरिंगसाठी मशीन असेंबल केलं. रायझन ९ ७९५०एक्स, आरटीएक्स ४०८० सुपर, ३२ जीबीच्या चार स्टिक म्हणजे १२८ जीबी डीडीआर५ रॅम, एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारं तयार प्रोफाइल) लावून ६००० च्या वेगावर, ८५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि जुन्या मशीनचाच ११०० व्हीएचा यूपीएस. एवढा खर्च करून मशीन कधीही मान टाकतं. कधी रात्री रेंडर लावून झोपावं तर सकाळी लॉगिनचा पडदा समोर. कधी दुपारी साधा ब्राउझर उघडा असताना ब्ल्यू स्क्रीन, आणि दर वेळी त्यावर वेगळंच नाव. विंडोज तीनदा फॉरमॅट मारून झालं, ग्राफिक्सचे पाच ड्रायव्हर घालून झाले. दुकानदार म्हणतो कार्ड कंपनीकडे पाठवू. प्रोसेसर ९५ अंशांवर जातो म्हणून कूलर बदलावा का, आणि दोन स्टिक विकून टाकाव्यात का, असेही दोन उपप्रश्न आहेत.

मी पुण्यात व्हिडिओ एडिटर, आर्किटेक्ट आणि थ्रीडीवाल्यांची मशीनं असेंबल करून देतो आणि नंतर ती सांभाळतोही. तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे अमुकच पार्ट खराब आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण वर्णन वाचून एक गोष्ट लगेच खटकली. तुम्ही एका आजाराबद्दल विचारताय आणि लक्षणं दोन आजारांची दिसताहेत. रात्रीचं रीस्टार्ट वेगळं, दुपारची ब्ल्यू स्क्रीन वेगळी. दोन्ही एकाच पार्टच्या माथी मारायला गेलात की गोंधळ ठरलेला. एक बदल केला की एक त्रास थांबतो, दुसरा चालूच राहतो, आणि तुम्हाला वाटतं काहीच फरक पडला नाही.

म्हणून ‘कोणता पार्ट’ हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. मशीन नेमकं कसं बंद पडतं ते आधी बघू.

त्यासाठी पहिलं काम दोन मिनिटांचं आहे. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ नावाचा भाग आहे. तिथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची टिक काढून टाका. ती टिक असली की ब्ल्यू स्क्रीन येऊन काही सेकंदांत मशीन आपोआप चालू होतं, आणि झोपलेल्या माणसाला सकाळी फक्त लॉगिन दिसतं. म्हणजे तुमचं रात्रीचं रीस्टार्ट हे खरोखरचं रीस्टार्ट आहे की कुणी न पाहिलेली ब्ल्यू स्क्रीन, हे आज तुम्हालाच माहीत नाही. टिक काढल्यावर पडदा तसाच उभा राहील, सकाळी उठून फोटो काढा. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर तो पडदा निळ्याऐवजी काळा झालाय, तेव्हा काळा दिसला तरी त्यावरची अक्षरं वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

दुसरं काम इव्हेंट व्ह्यूअरचं. ‘सिस्टम’ लॉगमध्ये बंद पडण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ हमखास दिसेल, आणि ती दिसली की लोक एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही हाताने प्लग उपटलात तरी तीच नोंद होते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही. शून्य नसेल तर ब्ल्यू स्क्रीन येऊन गेली, आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात ‘मिनीडंप’मध्ये तिची फाइल बहुधा पडलेली असते. त्याच लॉगमध्ये ‘१०७४’ नंबरची नोंदही शोधा. ती कुणीतरी सांगून केलेल्या रीस्टार्टची असते, आणि तो ‘कुणीतरी’ बऱ्याचदा विंडोज अपडेट असतो. हसू नका. दोन रात्री मशीनजवळ जागून काढल्यावर मला हे कळलं होतं.

आता बंद पडण्याच्या तऱ्हा. पडदा क्षणात काळा, पंखे थांबले आणि मशीन स्वतःच पुन्हा सुरू झालं, बगचेक शून्य, तर आधी विजेच्या वाटेवर बघायचं : भिंतीतला सॉकेट, यूपीएस, एसएमपीएस, केबल. ब्ल्यू स्क्रीन येते आणि दर वेळी कोड बदलतो, आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, परवा ‘पेज फॉल्ट’, तर संशय रॅमवर किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर. कारण सोपं आहे. मेमरीतला एखादा बिट उलटला की तो ज्याच्या वाट्याला जाईल तो प्रोग्रॅम पडतो, त्यामुळे आरोपी रोज बदलतो. कोड एकच आणि ड्रायव्हरच्या फाइलचं नावही दर वेळी तेच, तर तो ड्रायव्हर किंवा त्यामागचं यंत्र. पडदा गेला पण गाणं चालू राहिलं, कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचं पॉवर कनेक्शन. लॉगमध्ये ‘डब्ल्यूएचईए लॉगर’ची १८ नंबरची नोंद असेल, तर प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची चूक कबूल केलीय. तिथे प्रोसेसरचे व्होल्टेज आणि वेग आधी तपासायचे. या खुणा शंभर टक्के नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतात. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं. तीनदा फॉरमॅट मारणं हे तेच इंजेक्शन होतं.

तुमच्या दुपारच्या ब्ल्यू स्क्रीनकडे या नजरेनं पाहिलं, तर माझं बोट रॅमकडे जातं. इथे थोडं खोलात जातो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणजे ती तुमच्या मशीनवर ६००० नं चालेलच असं नाही. तो आकडा एक्स्पो नावाच्या प्रोफाइलचा आहे, आणि एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, जाहीर वेगापेक्षा जास्त पळवणं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एका क्लिकवर मिळतं म्हणून ते साधं सेटिंग वाटतं एवढंच. एएमडीने ७९५०एक्ससाठी जाहीर केलेला आकडा वेगळा आहे : दोन स्टिक असतील तर ५२००, आणि चार असतील तर ३६००. हो, छत्तीसशे. चार स्टिक लावल्या की प्रत्येक चॅनलवर दोन-दोन स्टिकचा भार येतो, त्यातून ३२ जीबीच्या डीडीआर५ स्टिक बहुतेक दुहेरी रँकच्या (एका स्टिकवर चिपांचे दोन गट) असतात, आणि या वेगावर सिग्नल स्वच्छ राखणं मेमरी कंट्रोलरला जड जातं. काही प्रोसेसर जाहीर आकड्याच्या बरेच वर जातात, काही जात नाहीत. ते नशिबावर आहे, आणि नशिबाला वॉरंटी नसते.

दुसरी गोम अशी की ६४ जीबीचे दोन वेगवेगळे संच घेतले की चार स्टिक होतात. संच कंपनीत जोडीनं तपासलेला असतो. मॉडेल नंबर तोच असला तरी दोन जोड्यांचा एकमेकांशी संसार कुणी तपासलेला नसतो. चौघांची मोट बांधायची तर चार स्टिकचा एकच संच घ्यावा, आणि त्यावरही ६००० ची अपेक्षा ठेवू नये.

मग मशीन पहिल्या दिवशीच का बंद पडलं नाही? कारण रॅमची चूक क्वचित होते आणि ती कुठे होते यावर सगळं अवलंबून असतं. रेंडर होणाऱ्या चित्रातल्या एका पिक्सेलमध्ये बिट उलटला तर तुम्हाला कळणारही नाही. विंडोजच्या गाभ्यात उलटला तर मशीन आडवं. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते हे खरं, पण ती चिपच्या पोटातल्या चुकीपुरती. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही, आणि पकडलेलीही तुम्हाला कळवत नाही. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच’ असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

तर करायचं असं. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून शेवटचं स्थिर बायोस घाला. बीटा लिहिलेलं नको. मग बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा. एक्स्पो बंद, पीबीओ (प्रोसेसरला जाहीर मर्यादेपलीकडे पळवणारं सेटिंग) बंद, कर्व्ह ऑप्टिमायझर (त्यातलंच, प्रोसेसरचं व्होल्टेज कापणारं सेटिंग) शून्य. पहिल्यांदा चालू होताना पडदा बराच वेळ काळा राहील, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. १२८ जीबीवर काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबणारे मी बरेच पाहिलेत. चालू झाल्यावर रॅमचा वेग ३६०० दिसेल. वाईट वाटेल, पण चार-पाच दिवस तसंच काम करा.

या दिवसांत एक रात्र मेमटेस्टला द्या. पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ चार पासपर्यंत, म्हणजे सगळी रॅम चार वेळा तपासेपर्यंत, फुकट आहे. १२८ जीबीवर चार पासना अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. डिफॉल्ट वेगावर एक जरी एरर आली, तर एखादी स्टिक, स्लॉट किंवा प्रोसेसरची बैठक खराब आहे असं धरा. मेमटेस्टमध्ये ‘दोनच एरर, चालतंय’ असा प्रकार नसतो. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक बदला, स्लॉटपाशीच राहिली तर स्टिकचा दोष नाही.

मात्र मेमटेस्ट पास झालं म्हणून रॅम निर्दोष असं मी कधीच लिहून देत नाही. मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड गार असतं. तुम्ही रेंडर लावता तेव्हा कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर जाते, आणि एक्स्पोमध्ये रॅमला १.१ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ किंवा १.४ व्होल्ट दिलेले असल्याने ती स्वतःही तापलेली असते. गार असताना गुणी मूल असलेली रॅम साठ अंशांच्या आसपास गेल्यावर चुका करायला लागते, हे मी विदर्भातल्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर मे महिन्यात पाहिलंय. तेच मशीन जानेवारीत ठणठणीत. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. म्हणून पुढची चाचणी विंडोजमधून, टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीसारख्या प्रोग्रॅमनं, कार्डावर लोड ठेवूनच करायची.

डिफॉल्टवर चार-पाच दिवस एकही ब्ल्यू स्क्रीन आली नाही तर उत्तर बहुधा मिळालं : रॅम खराब नव्हती, वेग जास्त होता. मग ४८०० करून बघा. जमलं तर ५२००. प्रत्येक पायरीवर एक पूर्ण रात्र द्या. चार स्टिकना ६००० वर नेण्याच्या हट्टापायी एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) वाढवत बसू नका. एप्रिल २०२३ मध्ये याच पिढीचे काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यानंतर एएमडीने बोर्डवाल्यांना हे व्होल्टेज १.३ वर रोखायला लावलं. ती रेघ ओलांडायची नाही.

बोर्ड रॅमशी कसं जुळलं होतं ते लक्षात ठेवणारं ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाचं एक सेटिंग असतं. त्यानं मशीन लवकर चालू होतं, पण काही बोर्डांवर काठावरची रॅम त्यामुळे आणखी डळमळते. तपासणी संपेपर्यंत बंद ठेवा.

९५ अंशांचं उत्तर छोटं आहे. कूलर बदलू नका. ७९५०एक्स सगळ्या कोअरवर राबताना ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेला आहे. तिथे पोचला की स्वतःच वेग आवरतो, बंद पडत नाही. आकडा डोळ्यांना खुपत असेल तर बायोसमध्ये इको मोड (प्रोसेसरला कमी वीज देणारं सेटिंग) लावा. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल आणि खोलीही कमी तापेल. फक्त कूलर बसवताना त्याच्या तळाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं होतं ना, एवढं आठवून बघा.

आता रात्रीचं रीस्टार्ट. टिक काढल्यावरही मशीन थेट रीस्टार्ट होत असेल, बगचेक शून्य असेल, तर गणित मांडू. ७९५०एक्स पूर्ण लोडवर मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत ओढतो. ४०८० सुपरचे ३२० वॉट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंप, पंखे मिळून साठ-सत्तर धरा. झाले सव्वासहाशेच्या आसपास. ८५० चा एसएमपीएस एवढ्याला पुरेसा आहे, या कार्डासाठी एनव्हीडियाने सुचवलेला आकडाही ७५० आहे. पण एसएमपीएसची स्वतःची गळती धरली की भिंतीतून सातशेच्या आसपास ओढले जातात, आणि यूपीएसवरच दोन मॉनिटर असतील तर साडेसातशे. तुमच्या यूपीएसवर ११०० लिहिलंय ते व्हीए. या वर्गातले यूपीएस साधारण व्हीएच्या साठ टक्के वॉट देतात, म्हणजे ६६० च्या आसपास. मागच्या बाजूचं लेबल वाचा, वॉटचा आकडा तिथे वेगळा छापलेला असतो. दिवसा ब्राउझर, कॅड यांत हे कधीच कळणार नाही. रात्री प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर रेंडर लावलं आणि तेवढ्यात लाइट क्षणभर गेली, की यूपीएस हात वर करणार.

लाइट जायलाच हवी असंही नाही. रात्री लोड उतरला की काही भागांत व्होल्टेज चढतं, यूपीएसचा रिले ‘टक्’ आवाज करून खाली-वर करतो. प्रत्येक अदलाबदलीत काही मिलिसेकंदांची फट पडते. चांगला एसएमपीएस ती भरून काढतो : एटीएक्स ३.० च्या मानकात ८० टक्के लोडवर १७ मिलिसेकंद आणि पूर्ण लोडवर १२ मिलिसेकंद तग धरायची अपेक्षा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका लाटेपेक्षाही कमी. घरातला इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर नसून साध्या मोडवर असेल तर त्याचा बदल याहून सावकाश होतो. ट्यूबलाइट नुसती लवते, पीसी मात्र झोपतो.

सदाशिव पेठेतल्या एका एडिटरचं मशीन रोज पहाटे साडेसहाच्या सुमाराला रीस्टार्ट व्हायचं. रात्रभर एक्स्पोर्ट चालायचा आणि शेवटच्या टप्प्यावर सगळं पाण्यात. मी रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, स्वतःचं ग्राफिक्स कार्ड नेऊन लावलं. तीन चकरा झाल्या. चौथ्या खेपेला त्यांच्याकडेच मुक्काम केला, तर साडेसहाला सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू झाली आणि खोलीतला दिवा डोळा मारावा तसा लवला. मशीन ज्या एक्स्टेंशन बोर्डावर होतं त्याची पिन सैल होती, वर अर्थिंगचा पत्ता नाही. वायरमनने नवा सॉकेट बसवला, अर्थिंग ओढलं आणि चाळीस मिनिटांत प्रकरण मिटलं. माझ्या तीन चकरांचे पैसे मी अर्थातच मागितले नाहीत.

म्हणून तुमच्याकडे पहिला प्रयोग फुकटातला : दोन रात्री यूपीएस बाजूला काढून मशीन थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा, मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको. लाइट जाण्याची जोखीम आहे, तेव्हा रेंडर फ्रेमगणिक सेव्ह होईल असं ठेवा. रीस्टार्ट थांबलं तर यूपीएस बदला, एसएमपीएस नाही. नवा घेताना वॉट बघा आणि शुद्ध साइन वेव्हचा घ्या. आजचे एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे असतात, त्यातल्या काहींना स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट मानवत नाही.

थेट भिंतीवरही रीस्टार्ट झालं तर मग कॅबिनेट उघडा. ग्राफिक्स कार्डाचा सोळा पिनांचा प्लग तळापर्यंत गेलाय का, फट दिसते का, आणि केबल प्लगच्या तोंडापाशीच वाकवलीय का, ते बघा. अडॅप्टर वापरला असेल तर त्याच्या प्रत्येक तोंडाला एसएमपीएसकडून वेगळी केबल हवी, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या दोन्ही जोडण्या लावल्यात ना? आणि या एसएमपीएसबरोबर आलेल्याच केबल वापरल्यात ना? जुन्या एसएमपीएसची केबल नव्याच्या तोंडात बसते म्हणून लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. एका गिऱ्हाइकाच्या दोन हार्ड डिस्क त्यात गेल्या, आणि त्यांत लग्नाचं शूटिंग होतं.

एक शक्यता अजून सांगायला हवी, कारण तुम्ही पीबीओबद्दल काहीच लिहिलं नाहीये. व्हिडिओ बघून कर्व्ह ऑप्टिमायझरला सरसकट उणे ३० दिलं असेल, तर मशीन रात्रभर रेंडर करेल आणि सकाळी पेपर वाचताना पडेल. माझ्या स्वतःच्या मशीनवर हे झालंय. हे उलटं वाटतं, पण सगळ्या कोअर राबत असताना त्यांचा वेग आवरलेला असतो. ब्राउझर उघडताना एखादाच कोअर क्षणभर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो, आणि कापलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. म्हणजे लोडची चाचणी पास आणि आरामात नापास. अशा मशीनवर प्राइम९५ हा लोड टाकणारा प्रोग्रॅम तासन् तास चालवून काही कळत नाही. वर डिफॉल्ट करायला सांगितलं, त्यात हेही आपोआप निकालात निघतं.

हे उत्तर वाचणाऱ्या कुणाकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय७, आय९ असेल तर त्यांची वाट वेगळी. या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं आणि त्यानं ते हळूहळू अस्थिर होत होते, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये बायोसमधून घालायचा १२९ नंबरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, सप्टेंबरमध्ये १२बी, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. फसवं लक्षण असं की गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायचे. नवं बायोस पुढचं नुकसान रोखतं, आधीच झिजलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

तुमच्यासाठी आठवड्याचा क्रम असा : आज टिक काढा, बायोस डिफॉल्ट करा, यूपीएस बाजूला करा. हे तीन एकदम चालतील, कारण इथे आपण काही शोधत नाही, फक्त स्थिर पाया मिळवतोय. तिथून वर चढताना मात्र एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख, वेळ, काय चालू होतं, कसं बंद पडलं, कोड काय. एचडब्ल्यूइन्फोला फाइलमध्ये लॉगिंग करायला लावा, बंद पडण्याआधीची शेवटची ओळ कामाला येते. त्यातल्या १२ व्होल्टच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, बोर्डाचे ते सेन्सर अंदाजपंचे असतात. डिफॉल्टवर सगळं शांत झालं की विंडोज एकदा, शेवटचं, पुन्हा टाका. आधीची तिन्ही इन्स्टॉलेशन डळमळत्या रॅमवर झालीत, त्यांतल्या फाइली शाबूत असतील याचा भरवसा नाही.

डिफॉल्टवर, थेट भिंतीवर, मेमटेस्ट स्वच्छ असूनही मशीन पडत राहिलं, तरच ग्राफिक्स कार्डाकडे वळा. मित्राचं कार्ड दोन दिवस लावून बघा, किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मॉनिटर जोडून कार्ड काढूनच ठेवा. ७९५०एक्समध्ये ती सोय आहे, तिचा उपयोग करा. पुरावा नसताना कार्ड कंपनीकडे पाठवलंत तर ते ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येईल, आणि तेवढे दिवस तुमचं काम बंद. पाठवायची वेळ आलीच तर खोकं, बिल आणि सिरियल नंबरचा फोटो जपून ठेवा.

राहिल्या दोन स्टिक. एवढ्यात विकू नका. तुमचे सीन ६४ जीबीत मावतात का ते आधी बघा : सगळ्यात जड फाइल रेंडर करताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती वापरली जाते ते लिहून ठेवा. आकडा पन्नासच्या आत राहत असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये एकाच संचाच्या दोन स्टिक ठेवा. तिथे ६००० चालण्याची शक्यता बरीच जास्त आहे. आकडा ऐंशी-नव्वदवर जात असेल तर चारही राहू द्या आणि वेग सोडा. एकच सीन ३६०० वर आणि ५२०० वर घड्याळ लावून रेंडर करा. सायकल्ससारख्या रेंडररमध्ये फरक इतका थोडा निघतो की मेमरी अपुरी पडून डिस्कवर जाण्यापेक्षा तो केव्हाही परवडतो. दोन्ही वेळा लिहून पाठवल्यात तर पुढचं व्होल्टेजचं बघू.